आजीच्या सहस्रचंद्रदर्शनासाठी चिकटवही करायची आहे, पानं कशी मांडायची?

पऱ्हाटीचं_फूल (दारव्हा तालुका, जि. यवतमाळ)

नमस्कार मंडळी. आजीचं सहस्रचंद्रदर्शन साडेतीन आठवड्यांवर आलं आहे. कार्यक्रम घरीच, अंगणात मांडव टाकून. तिला हाताने केलेली चिकटवही द्यायची म्हणून मी आणि दोघी चुलतबहिणी तयारी करून राहिलो. तिघींपैकी कोणालाच याचा अनुभव नाही.

जवळ काय आहे ते सांगते. फोटो ६० च्या आसपास. त्यातले १४ जुने काळे-पांढरे, काही तर २ बाय ३ इंचाचे. लग्नाचा एकच फोटो आहे आणि तो फ्रेमच्या काचेला चिकटलेला आहे. बाकीचे स्टुडिओतून काढलेले ४ बाय ६ चे. शिवाय आजीचा चौथीचा दाखला, हळदकुंकू लागलेली लग्नपत्रिका, आजोबांची दोन पत्रं, पंढरपूरला गेली होती त्याचं एसटीचं तिकीट, आणि तिच्या जुन्या लुगड्याच्या काठाचा हातभर तुकडा.

तालुक्याला स्टेशनरीचं दुकान, झेरॉक्स आणि फोटो स्टुडिओ आहे. ऑनलाइन सामान गावात पोचेपर्यंत दिवस निघून जातात, म्हणून तिथे मिळेल त्यातच भागवायचं आहे. जुन्या रजिस्टरवर एक पान मांडून पाहिलं, तर फोटोंचा नुसता पसारा दिसला. व्हिडिओतली पानं भरलेली असूनही नीट दिसतात, ते कशाने? पानाचा आकार किती घ्यावा, एका पानावर फोटो किती, चिकटवायला काय वापरावं, आणि जुन्या कागदांचं काय करावं? सविस्तर सांगाल तर बरं होईल.


कागद_कात्री

ताई, कागद आणायला जाण्याआधी फोटो निवडा. चादरीवर सगळे मांडा आणि विषयाचे ढीग करा: माहेर, लग्न, वावर, लेकरं, सणवार, वारी. प्रत्येक ढिगातून एक फोटो असा काढा की त्या विषयाचा एकच फोटो ठेवायचा म्हटलं तर तोच ठेवाल. तो त्या पानाचा मुख्य फोटो. त्याच्या सोबतीला फार तर दोन. ६० पैकी ३० च्या आसपास वहीत येतील, बाकीचे मागच्या पुठ्ठ्याच्या आतून लावलेल्या पाकिटात राहू द्या.

तुमचं रजिस्टरवरचं पान पसाऱ्यासारखं दिसलं त्याचं कारण बहुतेक हेच. सगळे फोटो ४ बाय ६ चे, म्हणजे सगळे सारख्याच मोठ्याने बोलतात आणि डोळ्याला आधी कुठे जावं ते कळत नाही. व्हिडिओतलं पान भरगच्च असलं तरी त्यात एक फोटो बाकीच्यांच्या दुप्पट असतो आणि मधल्या फटी एकसारख्या असतात. या दोनच गोष्टी पाळल्या तरी पान सुधारतं.

आकाराबद्दल. व्हिडिओत १२ बाय १२ इंचाची पानं दिसतात, तो अमेरिकेतला चालू आकार आहे. आपल्याकडे कार्डशीट सहसा २२ बाय २८ इंचाची मिळते. तिच्यातून १२ ची दोनच पानं निघतात आणि बराच कागद वाया जातो. १० बाय १० घ्या. एका शीटमधून चार पानं, म्हणजे तीन शीटमध्ये १२ पानं, दोन्ही बाजू धरून २४. प्रत्येक शीटमागे २२ बाय ८ चा पट्टा उरतो, तो फेकू नका, बांधणीला लागेल. रंग क्रीम किंवा फिका बदामी. जाडी २५० ते ३०० जीएसएम (एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन). पातळ कार्डशीट फोटोच्या वजनाने वाकते. दुकानात टेप लावून शीट मोजूनच घ्या, आकार थोडा इकडेतिकडे असतो.

कापायला स्टीलची पट्टी आणि कटर, खाली जाड पुठ्ठा. एकाच दमात दाबून कापू नका, कटर वाकडं जातं. हलक्या हाताने तीन वेळा फिरवा. चौकोन बरोबर झाला का ते कर्ण मोजून कळतं: १० इंची चौकोनाचे दोन्ही कर्ण १४ इंचाहून साधारण पाव इंचाच्या निम्म्याने जास्त आणि एकमेकांना समान यायला पाहिजेत.

आता मांडणी. बांधणीसाठी एका बाजूला १ इंच सोडावा लागतो. समोरच्या बाजूवर तो डावीकडे असतो आणि पान उलटलं की उजवीकडे येतो. नवीन माणूस हमखास इथे फसतो, मागच्या बाजूचा फोटो बांधणीत जातो. म्हणून पहिलं काम म्हणजे सगळ्या पानांच्या दोन्ही बाजूंवर पेन्सिलने ती १ इंचाची रेघ मारून ठेवा. बाकीच्या तीन बाजूंना अर्धा इंच मोकळा. कामाची जागा उरते साडेआठ इंच रुंद आणि ९ इंच उंच.

या जागेत बसणाऱ्या दोन मांडण्या देतो. सगळी वही या दोघींवर निघते.

पहिली मोठ्या फोटोची. मुख्य फोटो ५ बाय ७ चा उभा काढून घ्या. त्याच्यामागे साडेपाच बाय साडेसातचा रंगीत कार्डाचा तुकडा, म्हणजे चारी बाजूंनी पाव इंच किनार दिसते. वर सव्वा इंचाची शीर्षकपट्टी, तिच्या आणि फोटोच्या मध्ये पाव इंच. फोटोच्या बाजूला पाव इंच सोडून पावणेतीन इंच रुंदीचा रकाना उरतो, तो मजकुराचा.

दुसरी तीन फोटोंची. एक ४ बाय ६ चा आडवा, त्याला फक्त एक अष्टमांश इंचाची किनार, म्हणजे मागचं कार्ड सव्वासहा बाय सव्वाचार. त्याच्याखाली पाव इंच सोडून ३ बाय ३ चे दोन फोटो, त्यांच्यामध्येही पाव इंच. दोन्ही मिळून रुंदी सव्वासहाच होते, म्हणून वरच्या फोटोशी कडा जुळतात. एकूण उंची साडेसात. वर तीच सव्वा इंचाची पट्टी, बाजूला २ इंच रुंदीचा मजकूर. दोन्ही मांडण्यांत शीर्षक एकाच उंचीवर येतं, त्यामुळे पानं उलटताना वही एका हाताची वाटते.

किनारीचं कार्ड वाचवायची युक्ती: फोटोच्या पोटाखालचा भाग दिसतच नाही. पहिल्या मांडणीत मधला ४ बाय ६ चा तुकडा कापून काढा, फोटोखाली अर्धा इंच आधार उरतो तेवढा पुरतो. काढलेल्या तुकड्यावर दुसऱ्या पानाचा मजकूर लिहा. पानाची जाडीही कमी होते.

फोटोतला माणूस डावीकडे बघत असेल तर फोटो उजवीकडे ठेवा आणि मजकूर डावीकडे. पानाबाहेर बघणारा चेहरा वाचणाऱ्याची नजरही बाहेर नेतो. ३ बाय ३ कापण्याआधी कार्डाचे दोन काटकोनी तुकडे फोटोवर सरकवून चौकट ठरवा. आणि घरच्या गट-फोटोतलं कोणतंही माणूस कापू नका. कडेला अर्धवट दिसणारी मोठीआई कोणाची तरी आई असते.

रंग तीनच: पानाचा क्रीम, एक गडद, एक उठावाचा. तुमच्याकडे लुगड्याचा काठ आहे, त्यातूनच गडद आणि उठावाचा रंग उचला. सजावट फोटोच्या अवतीभवती तीन ठिकाणी, म्हणजे त्यांचा त्रिकोण होईल अशी, आणि त्यातली एक दुसऱ्यांपेक्षा मोठी. चारी कोपऱ्यांत चार फुलं लावली की फोटो राहतो बाजूला आणि कोपरेच दिसतात. चमकी नको, ती समोरच्या पानावरच्या फोटोला ओरखडे पाडते.

गोंद लावण्याआधी सगळं नुसतं मांडा, मोबाइलवर फोटो काढा आणि तो छोटा करून बघा. छोट्या चित्रात मुख्य फोटो लगेच ओळखू आला तर चिकटवा.


जुनेकागद_अमरावती

मांडणीचं वर छान सांगितलं आहे, मी फक्त जुन्या वस्तूंवर बोलते. अस्सल वस्तू वहीत चिकटवायची नाही. एकही नाही. नक्कल चिकटवा, अस्सल वेगळ्या पाकिटात ठेवा. गोंद लागलेला जुना फोटो पुन्हा सुखरूप निघत नाही.

२ बाय ३ चे फोटो झेरॉक्सवाल्याकडे स्कॅन होतील. त्याला ६०० डीपीआयवर (एका इंचात ६०० ठिपके) करायला सांगा. २ बाय ३ चा ४ बाय ६ करायचा तर दुप्पट वाढतो, आणि छापताना ३०० डीपीआय राहायला पाहिजे, म्हणून ६००. तो सवयीने २०० वर करेल, मग छापलेला चेहरा पिठूळ येतो. फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून घेऊ नका, ते फोटो लहान करतं. डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा किंवा पेनड्राइव्ह न्या.

काचेला चिकटलेला लग्नाचा फोटो ओढू नका. ओल लागली की फोटोवरचा जिलेटीनचा थर मऊ होतो आणि वाळताना काचेला धरतो. ओढलात तर चेहरा काचेवर राहील. काचेसकटच फोटो काढायचा. काच पुसा, फ्रेम सावलीत भिंतीला टेकवा, ऊन थेट पडू देऊ नका, फ्लॅश बंद. मोबाइल फ्रेमच्या बरोबर समोर आणि समांतर. काचेत तुमचं प्रतिबिंब दिसेल, तर एखादी काळी ओढणी दोघींनी मोबाइलच्या मागे पडद्यासारखी धरायची. प्रतिबिंब जातं.

लग्नपत्रिकेचं हळदकुंकू सुटत राहतं आणि समोरच्या पानाला लागतं. तिची रंगीत लेझर प्रत काढा. लेझरच म्हणते, कारण इंकजेटची शाई बऱ्याचदा पाण्याच्या थेंबाने पसरते आणि आजीचा हात ओला असू शकतो. पत्राचीही तशीच प्रत, घडीसकट. पत्राला पिन किंवा स्टेपल असेल तर आधी काढा. एका पावसाळ्यात गंज कागदात उतरतो.

एसटीच्या मशीनचं तिकीट थर्मल कागदाचं असतं. त्यावर शाई नसते, उष्णतेने कागदच काळा झालेला असतो, म्हणून ते काही महिन्यांत पुसट होतं. आजच झेरॉक्स काढा. गरम लॅमिनेशन तर मुळीच नको, पूर्ण तिकीट काळं होऊन निघेल.

चिकटवण्याचं. फोटो आणि प्रतींना अर्ध्या इंचाचा दोन्ही बाजूंनी चिकटणारा टेप. चारी कोपऱ्यांजवळ आणि मध्ये एक तुकडा, कडेपासून पाव इंच आत. कडेला लावला तर आपल्या उन्हाळ्यात डिंक बाहेर येतो आणि त्यावर धूळ बसून काळी रेघ होते. साधा पारदर्शक सेलोटेप कुठेच नको. तो पिवळा पडतो, सुटतो आणि डाग ठेवून जातो. चटकन चिकटणारा सुपरग्लूही नको, त्याच्या वाफेने आजूबाजूला पांढुरका थर बसतो. फेव्हिकॉलसारखा पांढरा गोंद कार्डावर कार्ड लावायला आणि कापडाला ठीक, फोटोला नको. स्टुडिओच्या फोटोला दोन्हीकडून प्लॅस्टिकचा थर असतो, पाणी त्यातून जात नाही, गोंद आत ओलाच राहतो.

एखादा फोटो काढता-घालता यावा असं वाटलं तर कागदी कोपरे करा. अर्धा बाय १ इंचाची पट्टी घ्या, वरच्या लांब कडेच्या मध्यावर खूण करा, दोन्ही वरची टोकं खाली मधोमध दुमडा. त्रिकोण होतो. दुमडलेली बाजू पानाला चिकटते, सपाट बाजू वर, फोटोचा कोपरा आत सरकतो. फोटोला गोंदाचा थेंबही लागत नाही.

काठाच्या तुकड्याचा रंग जातो का ते आधी ओल्या पांढऱ्या कापडाने घासून बघा. मग गोंद कार्डावर लावा, कापडावर नाही, अगदी पातळ पसरवून. जास्त झाला तर कापडातून वर येतो आणि कडक डाग पडतो. हातभर काठ एका पानावर संपवू नका. मुखपृष्ठावर एक पट्टी, आत चार-पाच पानांवर बोटभर.

वावरातलं काही लावायचं मनात असेल तर कापसाचं बोंड नको. पान मिटत नाही, आणि सरकीत बोंडअळी दडून राहू शकते. सरकी काढलेला रुईचा पातळ पदर चालेल. ज्वारीचे दाणे नकोत, टोके लागतात. पळसाचं फूल दाबून वाळवलं की केशरी रंग तपकिरी होतो, तेव्हा त्याचा फोटोच लावा.


पऱ्हाटीचं_फूल

दोघांचेही खूप आभार. कार्डशीट आणल्या, रेघा मारून झाल्या. दोन शंका आहेत. चौथीच्या दाखल्यावर वर "मध्यप्रदेश" छापलं आहे आणि जिल्हा अकोला लिहिला आहे. आजीचं माहेर तर वाशीमजवळचं. काकांचं म्हणणं, हा दाखला दुसऱ्याच कोणाचा असेल. आणि पत्रिकेवर इंग्रजी तारीख नाही, फक्त "वैशाख, शके १८८३" आहे. फोटोखाली काय लिहू?


जुनेकागद_अमरावती

दाखला आजीचाच असायला काही अडचण नाही. १९५० पासून ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत विदर्भाचे तेव्हाचे आठही जिल्हे मध्य प्रदेशात होते, त्याआधी मध्यप्रांत आणि वऱ्हाडात. १ नोव्हेंबर १९५६ ला ते मुंबई राज्यात आले आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. वाशीम जिल्हा अकोल्यातून १ जुलै १९९८ ला वेगळा झाला. ८१ वर्षांच्या आजीचा चौथीचा दाखला मध्य प्रदेशाच्या त्या काळातच यायला पाहिजे. काकांना हे दाखवा, आणि मजकुरातही एक ओळ लिहा, नातवंडांना तो कागद पहिल्यांदा समजेल.

शके वर्षात ७८ मिळवा. १८८३ चा वैशाख म्हणजे १९६१, एप्रिल-मे. पौष, माघ, फाल्गुनात मात्र जानेवारी लागलेला असला तर ७९ मिळवावे लागतात. आजोबांच्या पत्रावर तारीख नसेल तर टपालाचा शिक्का भिंगाने वाचा. पत्त्यात पिनकोड असेल तर पत्र १५ ऑगस्ट १९७२ नंतरचं. तिकिटावर "नये पैसे" असेल तर ते तिकीट १९५७ नंतरच्या काही वर्षांतलं.

वर्ष नक्की नसेल तिथे घरातली खूण लिहा: "थोरल्या काकाच्या जन्माच्या आधीच्या पोळ्याचा". आजीच तुम्हाला तसं सांगेल. फोटोत कोण कोण, कुठे, केव्हा, एवढं प्रत्येक फोटोला पाहिजेच. गट-फोटोत डावीकडून ओळीने नावं. आणि तिचं एखादं वाक्य तिच्याच बोलीत, "मले" ला "मला" करू नका. भेट गुप्त ठेवायची असेल तर जेवणं झाल्यावर दोन-दोन फोटो मोबाइलवर दाखवत विचारा, एका बैठकीत ३० विचारले तर ती थकते आणि तुमच्या वहीचा बेतही तिच्या ध्यानात येतो.


वर्धाकाठ

शीर्षकांबद्दल थोडं. व्हिडिओतली अक्षरांची पद्धत इंग्रजीची असते, तिथे अक्षराला मात्रा-उकार लागत नाहीत. देवनागरीला वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार लागतात. सव्वा इंचाच्या पट्टीचे तीन भाग पाडा: वर तीन अष्टमांश इंच मात्रांना, मध्ये अर्धा इंच अक्षराला, खाली तीन अष्टमांश उकारांना. मधल्या भागाची वरची रेघ हीच शिरोरेषा. हे केलं नाही तर "मुलीमुलांत" सारख्या शब्दात वेलांटी पट्टीबाहेर जाते नाहीतर उकार फोटोवर येतो.

अक्षरं कागदातून कापणार असाल तर सुटी कापू नका. शिरोरेषा जाड ठेवून पूर्ण शब्द एकाच तुकड्यात कापा. सुटी अक्षरं सरळ रेषेत चिकटवणं फार कठीण, जोडलेला शब्द पट्टी लावून एका झटक्यात सरळ बसतो. अनुस्वाराचे ठिपके तेवढे पंचिंग मशीनच्या भोकातल्या कागदाचे घ्या, सगळे सारखे येतात.

शब्द मध्यभागी आणायला डावीकडून लिहीत जाऊ नका. रद्दी कागदावर लिहा, रुंदी मोजा, निम्मी करा, पट्टीच्या मध्यापासून दोन्हीकडे मोजून खूण करा. काना आणि "र" कमी जागा घेतात, "क्ष", "ऋ", "झ" जास्त, म्हणून अक्षरं मोजून अंदाज चुकतो.

मजकूर कधीही थेट पानावर लिहू नका. वेगळ्या कार्डावर लिहा, चुकलं तर फक्त कार्ड बदलतं. वाचणारी व्यक्ती ८१ वर्षांची आहे, तेव्हा अक्षराची उंची किमान ५ मिलिमीटर, ओळींत १२ मिलिमीटर अंतर, आणि क्रीमवर काळी किंवा गडद निळी शाई. सोनेरी जेलपेन तिला दिसणार नाही. पावणेतीन इंचाच्या रकान्यात या मापाने एका ओळीत दोन-तीन शब्द बसतात, म्हणून वाक्यं छोटी करा. वॉटरप्रूफ शाईचं पेन मिळालं तर तेच घ्या.


पऱ्हाटीचं_फूल

सरावाचं पान केलं. तीन गडबडी झाल्या. किनारीचं कार्ड फेव्हिकॉलने लावलं, सकाळी पाहिलं तर पान पापडासारखं वाकलेलं, फोटोच्या बाजूला आत वळलं आहे. फोटोवर जेलपेनने तारीख लिहिली ती दोन तासांनी बोट लागून पुसली. आणि पेन्सिलच्या रेघा खोडताना शाईही फिसकटली. उकाडा म्हणून कूलरसमोर बसूनच करून राहिलो होतो, त्याने काही होतं का?


कागद_कात्री

कूलरने नक्कीच होतं. कूलरची हवा ओली असते, कार्डशीट ती ओल शोषते आणि रात्री कूलर बंद झाला, खोली तापली की असमान वाळते. सकाळी लवकर कूलर न लावता चिकटवण्याचं काम उरका. दुपारी फोटो निवडणं, मजकूर लिहिणं, कापणं करा. कोरी कार्डशीटही कूलरच्या खोलीत ठेवू नका, प्लॅस्टिकच्या पिशवीत सपाट ठेवा.

पान आत वळलं कारण गोंदातल्या पाण्याने वर लावलेलं कार्ड फुगलं, फुगलेलंच चिकटलं आणि वाळताना आकसून पानाला आपल्याकडे ओढलं. गोंद जितका जाड, तितकी ओढ जास्त. पुढच्या पानांना किनारही टेपनेच लावा. गोंदच वापरायचा असेल तर जुन्या एटीएम कार्डासारख्या कडक तुकड्याने अगदी पातळ पसरवा, वर-खाली प्लॅस्टिकचा कागद ठेवा आणि पाटा किंवा वह्यांचा गठ्ठा रात्रभर. वाकलेलं पान फेकू नका. त्याच्या मागच्या बाजूवर तेवढ्याच मापाचं कार्ड, त्याच गोंदाने, त्याच जागी लावा आणि वजनाखाली ठेवा. ते वाळताना उलट दिशेने ओढतं आणि पान सरळ होतं. मागच्या बाजूला तसाही फोटो यायचाच आहे.

चकचकीत फोटोवर जेलपेन वाळत नाही, शाईला शिरायला जागाच नसते. फोटोवर लिहूच नका, मागूनही नको. बॉलपेनचा दाब पुढे उमटतो. मागे खूण करायची तर मऊ पेन्सिलने, कडेला. खोडण्याआधी शाईला १५ मिनिटं द्या, आणि पेन्सिल मुळातच हलकी चालवा.


बांधणी_खामगाव

पानांवर इतकी मेहनत होऊन राहिली, तर बांधणीत ती वाया जाऊ देऊ नका. १२ पानं, दोन्हीकडे फोटो, किनार, कार्ड. म्हणजे पोटाकडे प्रत्येक पान तीन-चार पट जाड आणि बांधणीकडे एकेरी. तशीच बांधली तर वही मिटत नाही, तोंड वासून राहते, आणि पहिलं-शेवटचं पान फाटतं. उपाय वर सांगितलेल्या २२ बाय ८ च्या पट्ट्यात आहे. त्याच्यातून १ बाय १० इंचाच्या १६ पट्ट्या निघतात. तीन शीटच्या ४८ होतात. दर दोन पानांच्या मध्ये दोन पट्ट्या बांधणीच्या बाजूला घाला, त्याला २२ लागतात. वही तरीही फुगली तर तीन करा, ३३ लागतील. सगळी पानं रचून वरून पुठ्ठा ठेवा. तो दोन्ही कडांना सारख्या उंचीवर बसला की पट्ट्या बरोबर झाल्या.

कार्डशीट एका दिशेने सहज वाकते, दुसरीकडे अडते. चौकोनी पान असल्यामुळे हे दिसत नाही, पण हाताला कळतं. सहज वाकण्याची घडी बांधणीला समांतर यायला पाहिजे, म्हणजे पान उलटताना उभं राहत नाही. पानं अजून कोरी असतील तर तपासून घ्या आणि वरच्या बाजूला बाण काढा. काही पानं झाली असतील तर तशीच राहू द्या, फक्त थोडी कडक उलटतील.

भोकं ऑफिसच्या पंचिंग मशीनने. दोन भोकांत ८ सेंटिमीटर अंतर असतं. १० इंच म्हणजे २५.४ सेंटिमीटर, तेव्हा वर-खाली ८.७ सेंटिमीटर सोडून भोकं येतात. पुठ्ठ्याचा एक नमुना पंच करून घ्या, त्यावरून प्रत्येक पानावर खूण करा आणि एकेकच पंच करा. जाड कार्ड तीन-चार एकत्र दाबलं की भोकं तिरपी होतात. पट्ट्यांनाही तीच भोकं. मग फाइलची लेस ओवून पुढे गाठ.

झेरॉक्सवर स्पायरल करून देतील, वही पूर्ण सपाट उघडते हा त्याचा मोठा गुण आहे, आणि म्हाताऱ्या माणसाला मांडीवर ठेवायला ते सोयीचं पडतं. पण इतक्या जाड पानांना मोठी रिंग लागते, ती दुकानात आहे का ते आधी विचारा. नंतर पान वाढवायचं तर स्पायरल पूर्ण काढावं लागतं. मी लेसच म्हणेन.

मुखपृष्ठाला २ मिलिमीटरचा पुठ्ठा, सव्वादहा बाय सव्वादहा, म्हणजे पानं आत सुरक्षित राहतात. भोकं त्या हिशोबाने मध्यावर घ्या. वरच्या पुठ्ठ्याचा बांधणीकडचा १ इंच पूर्ण कापून वेगळा करा, मध्ये पाव इंचाच्या निम्मी फट सोडून दोन्ही तुकडे कापडाने जोडा. ती फट म्हणजे बिजागरी, नाहीतर पुठ्ठा उघडताना मोडतो. बाहेरून जाडं सुती कापड. हे चिकटवायला घरची पिठाची खळ घेतली तर कसर लागते. जुने बायंडर त्यासाठीच खळीत मोरचूद घालत. ते विषारी, लेकरांच्या हाताला लागायला नको. इथे पांढरा गोंदच बरा.

वही टिनाच्या छताखालच्या पेटीत ठेवू नका, मे महिन्यात टेप सुटतो. विटांच्या भिंतीला टेकवूनही नको, पावसाळ्यात ओल धरते. लाकडी कपाटात मधल्या खणात, आडवी, सुती कापडात गुंडाळून. श्रावणात एखाद्या कोरड्या दिवशी काढून सावलीत तासभर पानं हलवा, उन्हात नको.

आणि शेवटची दोन पानं कोरी ठेवा. कार्यक्रमाला आलेले लोक त्यावर लिहितील. त्यासाठी ३ बाय ३ ची ४० कार्डं कापून पेनासकट दाराजवळच्या टेबलावर ठेवा आणि रात्री नीट लावा. लोकांना थेट वहीवर लिहू दिलं तर पहिला माणूस अर्धं पान घेतो, आणि जेवणाच्या हाताचं तेल लागतं. दोन पानांच्या चार बाजूंवर तीन-तीन ओळींत सहा, म्हणजे २४ बसतात. उरलेली १६ त्या फोटोंच्या पाकिटात.


पऱ्हाटीचं_फूल

पट्ट्या कापल्या, २२ च पुरल्या. घडी तपासली तर चार पानं आडवी निघाली, पण ती कोरीच होती, फिरवून घेतली. दाखला आणि शके दोन्ही काकांना पटले. लग्नाच्या फोटोसाठी ओढणी धरून काचेतून फोटो घेतला, चेहरे स्वच्छ आले. त्याचा ५ बाय ७ काढायला उद्या दारव्ह्याला जाते. तो पहिल्या पानावर घेऊ की मधल्या?


कागद_कात्री

मधल्या. पहिल्या पानावर आजीचा आजचा, एकटीचा, आताच्या अंगणातला फोटो घ्या. लग्नाचा फोटो सहाव्या पानाच्या मागच्या बाजूवर, आणि समोर, सातव्या पानावर, पत्रिकेची प्रत. वही तिथे मधोमध उघडते आणि दोन्ही एकदम दिसतात. सहाव्याच्या मागे बांधणीचा इंच उजवीकडे येतो, तेवढं चिकटवण्याआधी बघून घ्या.